शुक्रवारी अलार्म वाजायलाच हवा

अल मनखूल, दुबई
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

प्रिय उझमा,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून ईमेल लिहिते आहे. हा पत्ता तू अजून उघडतेस की नाही, ठाऊक नाही. उघडत असशील तर निदान शेवटपर्यंत वाच, मग हवं तर डिलीट कर.

आधी कामाचं. शारजाच्या एका कंपनीकडून मला काल एक फॉर्म आला. तू तिथे अर्ज केला आहेस आणि आधीची सीनियर म्हणून माझं नाव दिलं आहेस. ते वाचून आधी बरं वाटलं आणि मग धडकी भरली. दुसरं कोणी नव्हतं म्हणून माझं नाव दिलंस, की मी काय लिहिते ते बघायचं आहे तुला? फॉर्म अठरा तारखेपर्यंत भरून द्यायचा आहे. नऊ प्रश्न आहेत आणि सगळ्यांची उत्तरं हो किंवा नाही. कामावर वेळेवर यायची का, हो. टीममध्ये मिळून मिसळून असायची का, हो. आठ प्रश्न मी पाच मिनिटांत उरकले. नववा असा आहे: 'या व्यक्तीच्या कामामुळे कधी एखादी दुर्घटना घडली का?'

तिथे अडले आहे. 'हो' म्हटलं तर ती नोकरी तुला मिळत नाही. 'नाही' म्हटलं तर ते आमच्या ऑफिसात विचारणार, आणि ऑफिसच्या चौकशी अहवालात तुझं नाव आहे. मग तूही खोटी आणि मीही खोटी. खाली 'अधिक माहिती असल्यास' अशी एक रिकामी चौकट आहे. त्यात मी सध्या लिहिलं आहे: 'उझमा मेहनती आणि प्रामाणिक आहे. झालेली घटना अनेक कारणांमुळे घडली.' मला तरी हे ठीक वाटतं. कोणाला लागत नाही.

रिद्धी बरी आहे, हे तुला कोणी कळवलं की नाही कोण जाणे. शाळेत जायला लागली आहे. आता तिचे बाबा स्वतः सोडतात.

त्या दिवशी मी तुला 'बघून घे' म्हटलं होतं आणि तू तुझ्या परीने बघितलंस. थोडी तुझी चूक, थोडी माझी, असं धरून मी चालले आहे. तुझ्या घरी हाफिजाचाचींना माझा सलाम सांग.

तुझी,
अनुपमाताई


रविवार, ७ सप्टेंबर

प्रिय उझमा,

तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी चार दिवस मी दर पाच मिनिटांनी मेल उघडून बघते आहे. धनंजय म्हणाला, "असं बघून कोणाचं पत्र येत नाही." त्याला काय जातं म्हणायला.

तुला एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नाहीच. गुणवंतसरांनी चार नव्या पोरांना शिकवायचं काम मला दिलं आहे. विषय काय, तर टेस्टमधली असर्शन स्पष्ट कशी लिहावीत. मी शिकवणार. धनंजय नोकरी नसल्याने घरीच असतो, तर त्याच्यावर मी आधी सराव केला. म्हटलं, टेस्ट म्हणजे आपणच आपल्या प्रोग्रॅमला विचारलेला प्रश्न. आणि असर्शन म्हणजे त्यातलं ठाम वाक्य, की अमुक झालं तर तमुक व्हायलाच हवं. झालं तर टेस्ट हिरवी, नाही झालं तर लाल. त्यावर तो म्हणाला, "मग त्यात शिकवायचं काय आहे? हिरवं-लाल तर लहान पोरालाही कळतं."

लाल का झालं ते कळत नाही, हेच शिकवायचं आहे. मी वर्गात माझी स्वतःचीच जुनी टेस्ट उघडून दाखवली. हात दाखवून अवलक्षण. २०२१ साली लिहिलेली, नाव नुसतं 'ट्रिप टेस्ट', आत सहा ओळी आणि प्रत्येक ओळीचं म्हणणं एवढंच, की हे ट्रू असायला हवं. काय ट्रू असायला हवं, कधी, कोणासाठी, काही नाही. ती मोडली की स्क्रीनवर येतं: 'अपेक्षित ट्रू, मिळालं फॉल्स.' झालं. डॉक्टरने तपासून सांगावं, की तुम्ही आजारी आहात, आणि निघून जावं, तसं.

मग तुझ्या टेस्ट दाखवल्या. एका टेस्टमध्ये एकच गोष्ट. नावातच पूर्ण वाक्य. मोडली तर काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, ते माणसाच्या भाषेत. तुला आठवतं, मी तुझी थट्टा करायचे, "उझमा, टेस्ट लिहितेस की कादंबरी?" आणि तू एकदा म्हणाली होतीस, "ताई, ही टेस्ट लाल होईल तेव्हा मी इथे असेन की नाही काय माहीत. वाचणाऱ्याला कळायला नको?"

वैभवी म्हणून एक नवी मुलगी आहे, नाशिकची. तिने विचारलं, "मॅम, इतके क्लिअर मेसेज कोणी लिहिलेत?" मी म्हटलं, "एक होती आमच्याकडे." मग ती म्हणाली, "आणि मे महिन्यात नेमकं काय झालं होतं? सगळे अर्धवट सांगतात."

मी सांगितलं. शुक्रवार, नऊ मे. आपल्या सॉफ्टवेअरवर चालणारी शाळेची बस. चोवीस मुलं चढली, तेवीस उतरली. शेवटच्या सीटपाशी जाऊन बघायचं आणि मग तिथलं बटण दाबायचं हे मुलांना सांभाळणाऱ्या, बसमधल्या नॅनीचं काम. तिने न बघता बटण दाबलं. अशा वेळी आकडे जुळत नाहीत म्हणून ड्रायव्हर, शाळा आणि कंट्रोल रूम, तिघांचे फोन वाजायला हवेत. वाजले नाहीत. पाच वर्षांची रिद्धी सीटखाली झोपलेली, बस इंटरनॅशनल सिटीच्या यार्डात उन्हात लागलेली, सव्वीस मिनिटं. शेजारच्या बसच्या ड्रायव्हरने काच फोडली म्हणून वाचली. तीन दिवस हॉस्पिटलात होती.

"आणि टेस्ट?" वैभवीने विचारलं. "ती बदलली होती म्हणतात. ती दाखवा ना, त्यातूनच शिकता येईल."

मी म्हटलं, ती आता सिस्टममध्ये नाही. आहे ग, तिथेच आहे, मे महिन्यापासून नुसती बंद करून ठेवलेली. बदलणाऱ्याच्या जागी तुझं नाव आहे.

आणखी एक. गेल्या पत्रात मी लिहिलं, की तुला 'बघून घे' म्हटलं होतं. चौकशीतही मी तेच सांगितलं आणि तू टेबलापलीकडून माझ्याकडे बघत राहिलीस. ते बरोबर नाही. मी 'हिरवं करून घे' म्हटलं होतं.

अनुपमाताई


शुक्रवार, १२ सप्टेंबर

उझमा,

आज शुक्रवार. मे महिन्यापासून दर शुक्रवारी सकाळी मी काय करते ते धनंजयलाही नीट माहीत नाही. त्याला वाटतं ऑफिसला लवकर जाते. मी इंटरनॅशनल सिटीच्या यार्डाबाहेर गाडी लावते आणि बस येतात त्या मोजत बसते. प्रत्येक बसमधून ड्रायव्हर उतरला, नॅनी उतरली, दार लागलं, की मनात एक टिकमार्क. अलार्म आता नीट आहे, मीच तो चारदा तपासला आहे. तरी जाते. शेवटच्या बसचं दार लागेपर्यंत गाडी हलवत नाही.

आज एक ड्रायव्हर माझ्या काचेशी आला. कमरुद्दीन नाव, तुमच्याच बाजूचा, दापोलीकडचा. काच फोडणारा तोच.

"म्याडम, दर जुम्म्याला तुमची गाडी इथे असते," तो म्हणाला. "कोणाला शोधताय?"

"कोणाला नाही. असंच."

मग तो आपणहून सांगायला लागला. कदाचित प्रत्येकाला सांगत असेल. "लोकं म्हणतात पोरगी काच वाजवत होती. नाय हो. वाजवायची ताकद नव्हती तिला. हात नुसता काचेला लावलेला. मला वाटलं, कोणाचं खेळणं राहिलंय. मी पुढे गेलो पण. चार पावलं गेलो नि परत फिरलो. का फिरलो ते अल्लाला ठाऊक."

ती चार पावलं मी दिवसभर मोजते आहे.

तो म्हणाला, "ते मोबाइलवर वाजतं ना, ते त्या दिवशी का नाय वाजलं?"

"कंप्यूटरचा प्रॉब्लेम होता."

"कंप्यूटरला कोणीतरी सांगितलं असेल ना म्याडम, वाजू नको म्हणून."

तो सहज बोलला असेल, पण चोराच्या मनात चांदणं. मी गाडी सुरू केली.

तर आता नीट सांगते. सोमवारपासून शारजाची शाळा आपल्याकडे येणार होती, म्हणून गुरुवारी, आठ मेला, रिलीज होतं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जायची होती. शारजात शुक्रवारी पूर्ण सुट्टी, दुबईत अर्धा दिवस शाळा. शारजासाठी शुक्रवारी अलार्म बंद ठेवायचा बदल तू लिहिलास आणि त्यात चूक राहिली, अलार्म सगळ्यांसाठीच बंद झाला. ही चूक तुझी, हे मी लपवत नाही. पण माझी ती जुनी टेस्ट लाल झाली. सहापैकी पाचवी ओळ. अपेक्षित ट्रू, मिळालं फॉल्स.

तू माझ्या टेबलाशी आलीस. मी ती ओळ बघितली आणि मला माझंच लिहिलेलं कळेना. त्यात तारीख होती शुक्रवारची. मला वाटलं, ही टेस्ट २०२१ ची. तेव्हा इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, आता शनिवार-रविवार असते. म्हणजे 'शुक्रवारी सुट्टी, ट्रू' असं काहीतरी जुनं राहिलं असणार. इथे सगळ्यांचंच असं होतं ना, अजून माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात शुक्रवार लाल दिसतो मला. मी म्हटलं, "अगं जुन्या वीकेंडचं आहे ते. उलटी कर ओळ. ट्रूच्या जागी फॉल्स. हिरवं होऊ दे, सोमवारी बघू. यल्ला, आटप."

'उलटी कर' म्हटलं होतं मी. 'बघून घे' नाही आणि 'हिरवं करून घे'ही नाही. शुक्रवारी अलार्म न वाजणं हेच बरोबर, असं टेस्टला आपण सांगितलं, आणि ते माझ्या तोंडून निघालं.

चौकशीत का नाही बोलले ते तुला माहीत असेल. धनंजयची नोकरी गेल्या वर्षी गेली. तो आणि अथर्व, दोघांचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. अथर्व बारावीला आहे. तू एकटी होतीस, तरुण होतीस, दुसरीकडे लागशील असं मी स्वतःला सांगितलं. हे लिहिताना लाज वाटते, पण असंच सांगितलं होतं.

चौकटीतलं 'अनेक कारणांमुळे' मी काढून टाकलं आहे. अजून तिथे दुसरं काही लिहिलेलं नाही.

अनुपमाताई


मंगळवार, १६ सप्टेंबर

उझमा,

दोन दिवस राहिले. काल रात्रीच्या जेवणाला मी धनंजयला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पोळीचे तुकडे करत राहिला. मग म्हणाला, "तू फॉर्ममध्ये खरं लिहिलंस, की ते तुमच्या ऑफिसला फोन करणार. मग तुझं काय होईल?"

"जाईल बहुतेक."

"मग मार्चपर्यंत थांब. त्याची परीक्षा होऊ दे. उझमाला मी स्वतः कुठेतरी बघतो, माझ्या ओळखी आहेत."

त्याच्या इतक्या ओळखी असत्या तर तो घरी बसला नसता. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

अथर्व कानात हेडफोन घालून बसला होता. तो काढून म्हणाला, "सो वी हॅव टु लीव्ह? बिफोर माय बोर्ड्स ऑर आफ्टर?"

"तसं काही ठरलेलं नाही रे."

"दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर, आई." आणि हेडफोन परत कानात.

मला पहाटेपर्यंत झोप नाही. सकाळी ऑफिसात जाऊन जुने मेल चाळले. काय शोधते आहे ते मला माहीत होतं आणि ते नसावं असं वाटत होतं. सापडलं. आठ मे, चार वाजून बावन्न मिनिटं. तू बदल माझ्याकडे तपासायला पाठवलास, तेव्हा सिस्टमने आपोआप मला पाठवलेला मेल. त्यात तुझा पूर्ण बदल होता आणि वर तू लिहिलं होतंस:

'ताई, तुम्ही सांगितलं तशी ओळ उलटी केली आहे. पण मला वाटतं, ही ओळ सुट्टीबद्दल नाही. दुबईत शुक्रवारी बसमध्ये मूल राहिलं तर अलार्म वाजायलाच हवा, असं ती म्हणते आहे. उलटी केली तर न वाजणं बरोबर ठरेल. मी खाली तसा स्पष्ट मेसेजही लिहून ठेवला आहे. रिलीजच्या आधी कृपया एकदा बघा.'

बदल आत घेताना वर एक ओळ लिहायची असते. तुझं हे सगळं काढून मी तिथे लिहिलं, 'टेस्ट दुरुस्त केली.' ओळीखालचा तुझा मेसेजही काढला. बदल आत गेला आणि तुझी मूळ प्रत सिस्टममधून पुसली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसने तुझा लॉगिन बंद केला. म्हणून चौकशीत तुझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. हा मेल फक्त माझ्याकडे होता आणि आहे.

त्या दिवशी घाई होती. गुणवंतसर फोनवर ताटकळत होते. तू लिहिलेलं मी वाचलं नाही.

अनुपमा


गुरुवार, १८ सप्टेंबर, सकाळी दहा

उझमा,

वाचलं होतं.

परवा मी लिहिलं की वाचलं नाही, आणि पाठवल्यावर दोन दिवस तेच डोक्यात फिरत राहिलं. पहिल्या पत्रापासून मी एकच गोष्ट लिहिते आहे आणि दर वेळी ती थोडी कमी खोटी होते आहे. आता उरलेलं सांगते. मी पूर्ण वाचलं होतं, दोनदा. तू म्हणतेस ते बरोबर असेल, असं मला तेव्हाही वाटलं. आणि माझी टेस्ट तू मला समजावून सांगतेस, याचा मला राग आला. चार वर्षांपूर्वी मी काय लिहिलं ते मला कळत नव्हतं आणि तुला कळत होतं. बाकी घाई, रिलीज, फोन, ते सगळं खरंच आहे, पण कारण ते नव्हतं. राग आला म्हणून मी तुझं वाक्य पुसलं. सोमवारी बघू म्हटलं, आणि मध्ये शुक्रवार होता.

काल संध्याकाळी वैभवीला शेजारी बसवलं आणि ती टेस्ट उघडली. पाचवी ओळ सुलटी करून वेगळी काढली, तिची वेगळी टेस्ट केली, तुझ्या पद्धतीने नावात पूर्ण वाक्य घातलं आणि तुझा मेसेज मेलमधून जसाच्या तसा उचलून खाली ठेवला, आकडे तेवढे नऊ मेचे घातले. टेस्ट हिरवी झाली. वैभवी म्हणाली, "झालं, खलास." मी म्हटलं, थांब. जी टेस्ट आपण कधी लाल झालेली बघितली नाही, तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. मग मुद्दाम प्रोग्रॅममध्ये मे महिन्यातली चूक परत घातली आणि चालवलं. स्क्रीनवर आलं:

'शुक्रवार, दुबई. चोवीस चढले, तेवीस उतरले. एक मूल बसमध्ये आहे. अलार्म वाजायला हवा होता. वाजला नाही.'

वैभवीने ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, "मॅम, हे तर सरळच सांगतंय." मी तिला सांगितलं, की हे आठ मेलाही लिहिलेलं होतं, कोणी लिहिलं होतं आणि कोणी काढलं. तिने खुर्ची थोडी मागे घेतली. मग चूक काढून टाकली, टेस्ट परत हिरवी केली आणि आम्ही घरी गेलो.

आज सकाळी धनंजयला सांगून निघाले. तो म्हणाला, "ठरवलंच आहेस तर मला कशाला विचारतेस." मी विचारत नव्हते. अथर्वला म्हटलं, बहुतेक परीक्षेच्या आधी. तो म्हणाला, "ओके," आणि दप्तर उचललं. दारातून एकदा मागे वळून बघितलं त्याने.

फॉर्म नऊ वाजता पाठवला. नवव्या प्रश्नाला 'नाही'. चौकटीत हे:

'८ मे २०२५ रोजी उझमाने केलेल्या बदलात एक चूक होती. आमच्या टेस्टने ती पकडली. ती टेस्ट उलटी करायला मी उझमाला सांगितलं. तिने लेखी हरकत घेतली. ती हरकत मी वाचली आणि पुसली. ९ मे रोजी अलार्म वाजला नाही आणि एक मूल बसमध्ये राहिलं. चौकशीत मी खोटं सांगितलं. उझमाचा मेल सोबत जोडला आहे. अनुपमा दातार.'

एका वाक्यात एकच गोष्ट, तुझ्यासारखी. याची एक प्रत गुणवंतसरांना गेली आहे आणि एक या पत्राला जोडली आहे, कारण तो मेल तुझा आहे. दुसऱ्या कोणी मागितला तर तुझ्याकडे असू दे. सरांनी अकरा वाजता खाली बोलावलं आहे. निरोपात एवढंच होतं, 'एकटी ये.'

तू उत्तर द्यावंस असं म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही, तेवढं मागायचा हक्क मला वाटत नाही.

फॉर्मच्या अगदी खाली एक रकाना होता, 'आपलं या व्यक्तीशी नातं.' दोन आठवड्यांपूर्वी मी तिथे 'सीनियर' लिहिलं होतं. आज पाठवण्याआधी ते खोडलं आणि लिहिलं, 'जिचं ऐकून तिने ते केलं, ती.'

अनुपमा